शेतातली मोटर नंतर, आधी गच्चीवरची टाकी

वाचकाचं पत्र, थोडक्यात: लिहिणारे सातारा जिल्ह्यातल्या तालुक्याच्या गावी राहतात. वय अडतीस, शिक्षण बी.कॉम., नोकरी पतसंस्थेत. घरची दीड एकर बागायत सत्तरीतले वडील अजून स्वतः पाहतात. शेतीपंपाची वीज पाळीपाळीने रात्रीची येते, तेव्हा वडील बॅटरी घेऊन अंधारात विहिरीवर मोटर चालू करायला जातात. हे थांबावं म्हणून यांनी वर्षभरापूर्वी अर्डुइनो (प्रोग्रॅम भरून एलईडी, सेन्सर वगैरे चालवता येणारा छोटा इलेक्ट्रॉनिक बोर्ड) शिकायचं ठरवलं आणि मोठं किट मागवलं. व्हिडिओ पाहून एलईडी लुकलुकवला, तापमान दाखवलं, अंतर मोजलं. पण कोरा प्रोग्रॅम उघडून स्वतः लिहायला बसलं की एक ओळ सुचत नाही. ‘मी नुसती नक्कल करतोय’, असं त्यांना वाटतं. आधी थिअरी पूर्ण करू का, अर्डुइनो सोडून ईएसपी३२ हा दुसरा बोर्ड घेऊ का, पंचवीस हजारांचा ऑनलाइन कोर्स लावू का, आणि इंग्रजी कच्चं असलेल्या कॉमर्सच्या माणसाने या वयात या फंदात पडावं तरी का, असं त्यांनी विचारलंय. किट तीन महिने कपाटावर पडून आहे. पत्नीचं म्हणणं, पैसे पाण्यात गेले.

उत्तर:

तुमचं पत्र इलेक्ट्रॉनिक्सबद्दल आहे, पण त्यातली काळजी वडिलांची आहे. म्हणून सुरुवात तिथूनच करते.

तुम्ही मनाशी असं धरलंय की आधी मी शिकेन, मग यंत्र बनवेन, मग वडिलांचं रात्रीचं जाणं थांबेल. दोन वेगळ्या गोष्टी तुम्ही एकाच दावणीला बांधल्यात आणि त्यामुळे दोन्ही अडल्यात. सत्तरीतल्या माणसाच्या पायाखाली रात्री काय येईल, हे तुमच्या प्रोग्रॅमिंगच्या प्रगतीवर का अवलंबून राहावं? कृषी पंपांच्या दुकानांत मोबाईलवर चालणारे स्टार्टर तयार मिळतात. कोर्ससाठी बाजूला काढलेले पैसे असतील तर त्यातले आधी इकडे लावा. घेताना तीन गोष्टी विचारा: एक फेज गेला तर मोटर आपोआप थांबते का, विहिरीतलं पाणी तळाला गेलं तर थांबते का, आणि तुमच्या शेतात ज्या कंपनीची रेंज आहे तिचं सिम त्या पेटीत चालतं का. काही पेट्या अजून टूजीवर चालतात आणि जिओचं टूजी नाहीच. वीज आली की मोटर सुरू करणारा साधा ऑटो स्विच स्वस्तात मिळतो, पण वीज येताच रोहित्रावरचे सगळे पंप एकदम सुरू होतात आणि रोहित्रावर ताण येतो, म्हणून महावितरण तो काढून टाका असंच सांगत आलंय. कुठलीही पेटी घ्या, जोडणी जाणत्या वायरमनकडूनच करून घ्या.

शेतातली मोटर हा पहिला प्रयोग म्हणून निवडणारे बरेच जण मी पाहिलेत. बहुतेकांचं किट असंच कपाटावर गेलं. त्याची कारणं त्यांच्या बुद्धीत नव्हती. किटमधल्या निळ्या रिलेवर (बोर्डाच्या इशाऱ्यावर दुसरं सर्किट चालू-बंद करणारा स्विच) २५० व्होल्ट असं छापलेलं असतं, आणि तीन फेजच्या स्टार्टरच्या कॉइलला बरेचदा दोन फेजांमधले ४१५ व्होल्ट मिळत असतात. म्हणजे तो रिले या कामासाठी नाहीच, आणि तिथली चूक जिवावर बेतू शकते. पुढे सिमकार्डचं छोटं मॉड्यूल येतं. एसआयएम८००एल हे त्यातलं सगळ्यात स्वस्त. नेटवर्कशी बोलताना ते क्षणभर २ अँपिअरपर्यंत करंट ओढतं. लॅपटॉपच्या साध्या यूएसबीतून मिळतात ५०० मिलिअँपिअर. व्होल्टेज घसरतं, मॉड्यूल मध्येच बंद पडून पुन्हा सुरू होतं, आणि माणूस रात्रभर प्रोग्रॅममध्ये चूक शोधत राहतो. प्रोग्रॅम बिचारा बरोबर असतो. नवशिक्याला एका वेळी एकच अनोळखी गोष्ट पेलते, इथे चार एकदम अंगावर येतात.

तेव्हा वडिलांचा प्रश्न बाजारातून सोडवा आणि शिकण्याला त्याचा स्वतःचा वेळ द्या. आता तुमच्या प्रश्नांकडे येते.

थिअरी आधी पूर्ण करू का? मी तंत्रनिकेतनात बावीस वर्षं शिकवलं. ट्रान्झिस्टरवर उत्तम गुण मिळवलेली मुलं हातात बीसी५४७ हा तीन पायांचा साधा ट्रान्झिस्टर दिल्यावर त्याचा बेस कुठला आणि कलेक्टर कुठला हे सांगू शकत नसत. त्यांचा दोष नव्हता. त्या पायांशी त्यांचं कधी काम पडलंच नव्हतं. थिअरी ‘पूर्ण’ होत नसते, ती गरजेपुरती भेटते आणि गरज असताना भेटली तरच राहते. पुणे जिल्ह्यात शिरूर तालुक्यात पाबळला डॉ. श्रीनाथ कलबागांनी १९८३ साली विज्ञान आश्रम काढला तो याच विश्वासावर, की हाताने काम करता करता शिकलेलं टिकतं. तिथे २००२ साली सुरू झालेली फॅब लॅब, म्हणजे हवी ती वस्तू स्वतः बनवून बघण्याची कार्यशाळा, ही अमेरिकेतल्या एमआयटीच्या बाहेरची पहिली. कधी जमलं तर जाऊन या.

आणि तुम्ही स्वतःला ‘कॉमर्सचा माणूस’ म्हणून बाहेर का उभं करता? अर्डुइनो जन्मला २००५ साली, इटलीतल्या इव्रेआ या गावात, डिझाइन शिकवणाऱ्या एका संस्थेत. ज्यांनी इलेक्ट्रॉनिक्स शिकलेलं नाही अशा विद्यार्थ्यांना आपल्या कल्पना हलत्याबोलत्या करता याव्यात म्हणून तो बनवला. इंजिनिअरांकडे तेव्हाही दुसरी साधनं होती. हा बोर्ड तुमच्यासारख्यासाठीच आहे.

सुरुवातीला लागणारं गणित एका भागाकाराएवढं आहे. बोर्डाच्या पिनवर ५ व्होल्ट येतात. लाल एलईडी त्यातले साधारण २ स्वतःकडे ठेवतो. उरलेले ३ व्होल्ट रेझिस्टरवर, म्हणजे करंटला आवर घालणाऱ्या छोट्या भागावर. रेझिस्टर २२० ओहमचा असेल तर ३ भागिले २२०, म्हणजे सुमारे १३.६ मिलिअँपिअर. उनो या नेहमीच्या अर्डुइनो बोर्डाची पिन २० मिलिअँपिअरपर्यंत आरामात देते आणि ४० ही तिची शेवटची मर्यादा. हा हिशेब जमला की ‘रेझिस्टर का लावायचा’ हा प्रश्न संपतो, आणि ‘बजर थेट पिनला लावू का’ या पुढच्या प्रश्नाचं उत्तर तुम्हीच काढू शकता.

आता त्या नक्कल करण्याबद्दल. तुम्ही ती कबुली दिल्यासारखी लिहिलीय. मला त्यात लाज वाटण्यासारखं काही दिसत नाही. सगळे तिथूनच सुरू करतात. अडचण अशी की नक्कल चालली की तुम्ही थांबता आणि पुढचा व्हिडिओ उघडता. खरं शिकणं ती चालल्यावर सुरू होतं.

आम्ही ८०५१ ही जुनी कंट्रोलर चिप शिकलो तेव्हा प्रोग्रॅम ईप्रॉम नावाच्या चिपमध्ये भरायचो. त्या चिपला काचेची छोटी खिडकी असायची. प्रोग्रॅम चुकला की चिप काढायची, अतिनील दिव्याखाली वीसेक मिनिटं ठेवून पुसायची आणि पुन्हा भरायची. एक चूक म्हणजे वीस मिनिटं. त्यामुळे चिप भरण्याआधी आम्ही वहीत लिहायचो: आता हे केल्यावर काय व्हायला हवं. तुमच्या बोर्डात नवा प्रोग्रॅम काही सेकंदांत जातो. हे सुख मोठं आहे, पण त्यामुळे ‘टाकून तर बघू’ अशी सवय लागते आणि डोकं कामाला लागत नाही. म्हणून ती जुनी वही तुम्ही परत आणावी असं मला मनापासून वाटतं.

एलईडी लुकलुकण्याचा तोच पहिला प्रोग्रॅम घ्या. त्यात पेटल्यावर आणि विझल्यावर, दोन्ही ठिकाणी डिले १००० आहे, म्हणजे १००० मिलिसेकंद, एक सेकंद. तो दोन्हीकडे १०० केला तर काय होईल? आधी वहीत लिहा, मग करा. मग १० करा. डोळ्यांना लुकलुकणं दिसेनासं होईल आणि एलईडी थोडा मंद पण सलग पेटल्यासारखा वाटेल. मंद का? लिहा. मग २२० ओहमच्या जागी १ किलोओहम लावा. करंट किती होईल ते आधी काढा: ३ मिलिअँपिअर. पेटेल की नाही? लावून बघा, पेटतो. अंदाज आणि घडलेलं जुळलं तर पुढे जा. जुळलं नाही तर तिथे बसा, कारण नेमकं तिथे तुम्हाला माहीत नसलेलं काहीतरी आहे. एका वेळी एकच बदल. दोन बदल एकदम केले तर कशामुळे काय झालं ते कळत नाही.

ही पद्धत तुम्हाला नवी नाही. दिवसाअखेर पतसंस्थेत रोकड आणि खतावणी जुळली नाही तर तुम्ही काय करता? सगळी पुस्तकं फाडून नव्याने लिहीत नाही. कुठवर जुळत होतं ते पाहता, नोंदींवर एकेक टिक मारत जाता. फरकाला ९ ने भाग गेला तर दोन आकड्यांची अदलाबदल झाली असेल, असा अंदाज बांधता. या कामात नव्वद टक्के कष्ट असेच असतात. एलईडी पेटत नाही? आधी मल्टिमीटरने (व्होल्ट मोजायचं यंत्र) ब्रेडबोर्डच्या, म्हणजे भाग खोचून जोडायच्या भोकांच्या पाटीच्या, कडेच्या पट्टीवर ५ व्होल्ट आहेत का बघा. लांब ब्रेडबोर्डच्या या कडेच्या पट्ट्या काही वेळा मध्यावर तुटलेल्या असतात, दिसायला अखंड दिसल्या तरी. मग एलईडी आणि रेझिस्टर पिनऐवजी थेट ५ व्होल्टला लावून बघा. पेटला तर एलईडीची दिशा बरोबर आहे, दोष प्रोग्रॅमकडे. मग प्रोग्रॅममध्ये लिहिलेली पिन आणि तुम्ही तार लावलेली पिन एकच आहे ना ते बघा. अर्धा भाग ‘जुळला’ म्हणून बाजूला ठेवायचा, उरलेल्याचा पुन्हा अर्धा. ज्याने दहा-पंधरा वर्षं ताळेबंद जुळवलेत त्याला हे शिकवावं लागत नाही. घरात दुसरं काही घेऊ नका, पण दोन-तीनशे रुपयांचा मल्टिमीटर नसेल तर तो घ्या. तुटलेली तार शोधताना त्याची बीप वाजते ना, तिने माझ्या विद्यार्थ्यांचे जेवढे तास वाचवले तेवढे कुठल्याच पुस्तकाने वाचवले नाहीत.

आता काम. कोऱ्या खिडकीसमोर काही सुचत नाही, कारण तुमच्यासमोर छोटं काम नाही. एकीकडे लुकलुकणारा एलईडी आणि दुसरीकडे शेतातली मोटर, मधे पायरीच नाही. तुमच्या घरावर पाण्याची टाकी असेलच. ती भरून वाहते, खालून कोणीतरी ‘मोटर बंद करा’ असं ओरडतं. टाकी भरली की घरात बजर वाजावा, एवढंच करा. मोटर हातानेच बंद करायची. विजेच्या बोर्डाला हात लावायचा नाही. सगळं काम ५ व्होल्टवर.

यात लागतो एक फ्लोट स्विच. प्लॅस्टिकचा तरंगता गोळा, त्यात चुंबक, आणि दांडीच्या आत काचेच्या नळीत दोन बारीक पात्या. पाण्याबरोबर गोळा वर आला की पात्या चिकटतात आणि सर्किट पूर्ण होतं. पण पहिल्या दिवशी तोही नको. एका पिनला इनपुट पुलअप लावा, त्या पिनला एक तार जोडा आणि तिचं मोकळं टोक ग्राउंडला (बोर्डावर जीएनडी लिहिलेल्या पिनला) टेकवा. टेकवलं की एलईडी पेटायला हवा. इथे तुम्ही अडखळाल, कारण टेकवल्यावर पिन ‘लो’ वाचते, ‘हाय’ नाही. पुलअप तिला आतून ५ व्होल्टकडे ओढून धरतो आणि तुमची तार तिला खाली खेचते. हा उलटा हिशेब एकदा वहीत चित्र काढून समजून घ्या. पुलअप न लावता हाच प्रयोग करून बघा, पिनजवळ नुसता हात नेला तरी एलईडी वेडावाकडा पेटेल. लोंबकळत्या पिनचं हे वागणं डोळ्यांनी पाहिलेला माणूस पुलअप विसरत नाही.

मग फ्लोट लावून बादलीत. मग बजर. साधा ५ व्होल्टचा बजर ३० मिलिअँपिअरच्या आसपास घेतो, म्हणजे पिनच्या आरामाच्या बाहेर. पिनने बीसी५४७ चा बेस १ किलोओहममधून चालवायचा आणि बजर ट्रान्झिस्टरने. ट्रान्झिस्टर ‘कशासाठी’ हे इथे कळेल, आणि मग त्याचं प्रकरण वाचायला घ्या. आता ते गोड लागेल.

पुढे घरातले म्हणतील, वाजायला लागला की बंद करायला बटण हवं. तुम्ही बटण लावाल आणि ते कधी ऐकेल, कधी नाही. कारण डिले चालू असताना बोर्ड बटणाकडे बघतच नाही. दुधाच्या पातेल्याकडे टक लावून उभं राहिलेल्या माणसाला दारावरची बेल ऐकू येऊ नये, तसं. त्याऐवजी घड्याळ बघून ‘पाच मिनिटांनी बघते’ म्हणत हातातलं काम करत राहायचं. अर्डुइनोत त्या घड्याळाचं नाव मिलिस. नवशिक्याचा कस लागतो तो इथेच. दोन-तीन रविवार लागले तरी लागू द्या.

ईएसपी३२ चांगलाच आहे, वायफाय आत आहे, वेगही कितीतरी जास्त. पण त्याच्या पिना ३.३ व्होल्टच्या. तुमच्या किटमधल्या अंतर मोजणाऱ्या सेन्सरसारखा ५ व्होल्ट देणारा भाग थेट लावला तर पिन बिघडू शकते. उनो चुका जास्त सोसतो. टाकीचं काम पूर्ण झाल्यावर, ‘भरली’ हे मोबाईलवर कळावं असं वाटलं, तर घ्या. आता बोर्ड बदलला तर तुम्ही पुन्हा एलईडीपासून सुरू कराल आणि त्यालाच प्रगती समजाल. नवं किट तर नकोच. सुटे भाग लागले तर पुण्यात तपकीर गल्ली आहे, मुंबईत लॅमिंग्टन रोड. यादी लिहून न्या आणि यादीबाहेरचं घेऊ नका.

कोर्सचे पंचवीस हजार अजून दिले नसतील तर थांबा. वर्गाचा खरा उपयोग म्हणजे ठरलेली वेळ आणि सोबत. वेळ तुम्ही ठरवू शकता: रविवार सकाळचे दोन तास आणि आठवड्यात एक संध्याकाळ, मोबाईल दुसऱ्या खोलीत. सोबतीसाठी जवळच्या शाळेत अटल टिंकरिंग लॅब (केंद्र सरकारच्या योजनेतली मुलांची प्रयोगशाळा) आहे का विचारा. तिथे हेच बोर्ड असतात, शिक्षकांना बरेचदा हाताशी माणूस हवा असतो, आणि आठवीच्या मुलाला समजावताना आपल्याला कुठे कळलेलं नाही ते उघडं पडतं. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल उपक्रमात अर्डुइनोचे धडे फुकट आहेत. रात्री सामान काढायचा कंटाळा आला तर टिंकरकॅड या वेबसाइटवर सर्किट जुळवून बघा, तिथे रेझिस्टर न लावलेला एलईडी पडद्यावरच फुटूही शकतो.

इंग्रजीची भीती मी समजू शकते. पण इथे वाङ्मय वाचायचं नसतं. चाळीसेक शब्द पुन्हापुन्हा येतात. ते वहीच्या शेवटच्या पानावर मराठीत अर्थासह लिहीत जा. प्रोग्रॅम चुकला की खाली लाल अक्षरं येतात, ती न वाचता पुसू नका. त्यात ओळीचा नंबर असतो. अर्धविराम राहिला असेल तर बोट बहुधा पुढच्या ओळीवर ठेवलेलं असतं, तेव्हा वरची ओळ आधी बघा. आणि बोर्ड संगणकाला दिसतच नसेल तर प्रोग्रॅमला दोष देऊ नका. यूएसबी केबल नुसती चार्जिंगची असू शकते. स्वस्त बोर्डांवर सीएच३४० नावाची चिप असते, तिचा ड्रायव्हर, म्हणजे संगणकाला ती चिप ओळखायला लावणारा छोटा प्रोग्रॅम, टाकावा लागतो.

वयाबद्दल मी काही लिहीत नाही. तुमच्या पत्रात अडलेलं दिसतं त्यातलं काहीही वयामुळे अडलेलं नाही.

पत्नीला पटवून देऊ नका. टाकी वाहते तेव्हा ओरडावं कोणाला लागतं, ते बघा. बजर किती जोरात, किती वेळ, स्वयंपाकघरात की दारात, हे त्यांनाच ठरवू द्या. काम कशासाठी आहे ते त्यांना तुमच्यापेक्षा नीट माहीत असेल.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवते. टेबलावर सगळं बिनचूक चालेल आणि गच्चीपर्यंत पंधरा-वीस मीटर तार ओढली की बजर मध्येच, टाकी रिकामी असताना वाजेल. कुणी पंखा लावला, मिक्सर फिरवला, की वाजेल. घाबरू नका आणि प्रोग्रॅम नव्याने लिहायला घेऊ नका. लांब तार आजूबाजूच्या वायरिंगमधला गोंधळ उचलते आणि बोर्डाच्या आतला पुलअप २० ते ५० किलोओहमचा, म्हणजे फार कमजोर असतो. बाहेरून ४.७ किलोओहमचा, पिवळ्या-जांभळ्या-लाल पट्ट्यांचा रेझिस्टर पिनपासून ५ व्होल्टला लावा. पिन आणि ग्राउंडमध्ये १०४ लिहिलेला छोटा कपॅसिटर लावा. तार विजेच्या पाइपातून नेऊ नका, वेगळी न्या. आणि प्रोग्रॅममध्ये सलग पाच सेकंद ‘भरली’ असं वाचलं तरच बजर वाजू द्या. हे चारही एकदम करू नका. एक करा, दोन दिवस वहीत खोट्या गजरांची वेळ लिहा, मग दुसरं. त्यानंतरही वाजत राहिला तर मला परत लिहा: तार किती मीटर, कशाच्या शेजारून गेलीय आणि खोटा गजर घरात काय चालू असताना होतो, एवढं पत्रात असू द्या.